टेम्प्लेट सोडून डीव्हीडीचा मेनू स्वतः कसा बनवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरातल्या गायन क्लासच्या गुरुपौर्णिमेचं २ तासांचं चित्रीकरण आहे, १४ रचना आहेत, ६० डिस्क वाटायच्या आहेत. सॉफ्टवेअरमधले तयार मेनू लग्नाच्या अल्बमसारखे दिसतात. स्वतःचं चित्र टाकलं, तर रिमोट दाबताना आपण कुठल्या ओळीवर आहोत तेच कळत नाही.

शेवटची तक्रार महत्त्वाची आहे, तिथूनच सुरू करतो. मेनूत दोन वेगळ्या गोष्टी असतात. मागचं चित्र हा साधा व्हिडिओ असतो, त्यात हवे तेवढे रंग चालतात. रिमोटनुसार सरकणारी खूण मात्र त्या चित्रात नसते. ती सबपिक्चर नावाच्या वेगळ्या थरात असते आणि तिथे एका वेळी फक्त ४ रंग मिळतात, त्यातला एक पारदर्शक ठेवावा लागतो. म्हणजे हाताशी उरले तीन. कडा मऊ करायची सोय नाही, सावली नाही, हळूहळू उजळणं नाही. टेम्प्लेटवाल्यांनी हे आधीच सांभाळलेलं असतं, म्हणून त्यांची खूण दिसते. तेव्हा आधी खूण ठरवा, मग तिच्याभोवती चित्र रचा. बहुतेक लोक उलटं करतात आणि फसतात.

देवनागरीत अक्षरांचाच रंग बदलायच्या भानगडीत पडू नका. मऊ कडा नसल्यामुळे वेलांट्या आणि जोडाक्षरं दातेरी दिसतात. ओळीखाली रेघ द्यायची तर ‘सुगम’, ‘कृती’ अशा शब्दांचे उकार-ऋकार तिच्यावर आदळतात. रेघ हवीच असेल तर अक्षराच्या तळापासून १२ पिक्सेल खाली आणि ४ पिक्सेल जाड ठेवा. माझं मत विचाराल तर ओळीच्या डावीकडे एक ठिपका पुरे. हळदीसारखा पिवळा, गडद पार्श्वभूमीवर. ओके दाबल्यावर तोच पांढरा होऊ द्या. अर्धपारदर्शक रंगाचा मोह टाळा. १६ पातळ्या मिळतात खऱ्या, पण चित्राच्या उजळ भागावर खूण हरवते.

आता माप. आपल्याकडे टीव्हीची पद्धत पाल, म्हणजे ७२० × ५७६ पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम. रुंद पडद्यासाठी चित्र १०२४ × ५७६ वर काढा आणि शेवटी आडवं दाबून ७२० करा. टीव्ही ते परत ताणतो. खुणेचा थर मात्र सुरुवातीपासून ७२० × ५७६ वरच काढायचा. मोठा काढून लहान केलात तर कडांना मधले रंग तयार होतात आणि ४ रंगांची मर्यादा मोडते. इथे एक गंमत आहे: ७२० वर काढलेला गोल ठिपका टीव्हीवर आडवा लांबोळका होतो. २० पिक्सेल उंचीचा ठिपका १४ पिक्सेल रुंद काढा, म्हणजे पडद्यावर गोल दिसेल. गिंप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्रशऐवजी पेन्सिल घ्या, लंबगोल निवडीचं अँटिएलियासिंग (कडा मऊ करणं) बंद ठेवा, आणि पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फाइल काढा.

जुने टीव्ही कडा कापतात. म्हणून डावी-उजवीकडे ७२ आणि वर-खाली ५८ पिक्सेल सोडूनच मजकूर बसवा. उभी जागा उरते ४६०. तीत शीर्षक, ७ रचना आणि तळाची एक ओळ धरली तर एका ओळीला साधारण ५१ पिक्सेल येतात. देवनागरीला वर मात्रा-रफार आणि खाली उकार लागतात, त्यामुळे याहून दाटी करू नका. १४ रचना एका पानावर कोंबण्यापेक्षा दोन पानं करा.

शिरोरेघ हा आपला खास त्रास. जुन्या टीव्हीचं चित्र एकाआड एक ओळींनी रंगतं. एक पिक्सेलची आडवी रेघ त्यात थरथरते, आणि देवनागरीत तशी रेघ प्रत्येक शब्दावर असते. ती किमान ३ पिक्सेल जाड हवी. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी या फॉन्टचं ठळक वजन घ्या, बारीक वजनाच्या वाटेला जाऊ नका. मेनूच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप करूच नका, ऱ्हस्व वेलांटी उडी मारून बसते. इंकस्केप किंवा गिंपमध्ये युनिकोडात लिहून चित्र बनवा. आणि कुंकवाचा भडक लाल पिवळ्यावर ठेवू नका. डीव्हीडीच्या व्हिडिओत रंगाची माहिती चित्राच्या अर्ध्या रुंदी-उंचीतच साठवतात, त्यामुळे लाल पसरतो. मरून रंग चालतो. शुद्ध पांढऱ्याऐवजी किंचित करडा पांढरा घ्या.

बटण म्हणजे प्रत्यक्षात एक चौकोन. चौकोन एकमेकांवर चढू देऊ नका आणि त्यांचे उभे आकडे सम ठेवा. मग वर-खाली-डावे-उजवे या चार कळा प्रत्येक बटणासाठी स्वतः जोडा. आपोआप जोडणी ‘पुढचं पान’पाशी हमखास चुकते: सातव्या रचनेवरून खाली दाबलं की लोक तिथे जायला हवेत आणि तिथून वर दाबलं की सातवीवरच परत यायला हवेत. बटणांचे क्रमांकही वरून खाली लावा, कारण बऱ्याच रिमोटवर आकडा दाबला की त्या क्रमांकाचं बटण थेट चालतं.

साधनं. फुकटात डीव्हीडी स्टायलरमध्ये स्वतःची पार्श्वभूमी टाकता येते. पूर्ण ताबा हवा तर डीव्हीडी ऑथर आणि त्याच्यासोबत येणारं स्पूमक्स: साध्या, ठिपका निवडलेल्या आणि ओके दाबलेल्या अवस्थांच्या पीएनजी दिल्या की ते खूण व्हिडिओत मिसळतं. तीनही चित्रांत ठिपक्याचा आकार तंतोतंत एक ठेवा, फक्त रंग बदला. आकार बदलला की रंगांच्या जोड्या वाढतात आणि ते चूक दाखवून थांबू शकतं. कुणाकडे अ‍ॅडोबीच्या एन्कोर या डीव्हीडी बनवण्याच्या सॉफ्टवेअरची जुनी प्रत असेल तर फोटोशॉपच्या लेयर-गटाच्या नावाच्या सुरुवातीला कंसात अधिक चिन्ह लावलं की तो बटण होतो आणि कंसात ‘=१’ लिहिलेला लेयर (आकडा इंग्रजी) खुणेचा होतो. त्याची शेवटची आवृत्ती सीएस ६ होती, त्यामुळे नव्याने शिकण्यात अर्थ नाही.

मेनूचा व्हिडिओ एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या साधनाने ‘पाल डीव्हीडी’ लक्ष्य देऊन बनवा. आवाज नको असला तरी शांततेचा एसी ३ ट्रॅक, ४८ किलोहर्ट्झ, घालाच. आवाजाविना मेनूवर काही प्लेअर अडतात. स्थिर मेनू असेल तर काही सेकंदांचा व्हिडिओ करून शेवटी अनंत थांबा द्या. संगीत हवं असेल तर मेनू फिरवावा लागतो, आणि प्रत्येक फेरीला लेझर मागे जातो. तेवढ्यात क्षणभर आवाज तुटतो, ठिपकाही गायब होतो. हा सांधा पूर्ण लपत नाही. तुमच्या कार्यक्रमाला मात्र सोपा उपाय आहे: बंदिशीचा तुकडा न लावता नुसता तानपुरा लावा. ताल नसल्यामुळे सांधा खटकत नाही. चार तारांचं आवर्तन पूर्ण होईल तिथेच कापा, एकूण २५-३० सेकंद.

टेम्प्लेट जे सहसा देत नाही ते आता. यादीतून तिसरी रचना निवडली की लोकांना तीच ऐकून मेनूत परतायचं असतं, पण साधा चॅप्टर असेल तर चौथी सुरू होते. १४ वेगवेगळे व्हिडिओ करण्याऐवजी प्लेअरच्या स्मृतीतलं एक रजिस्टर, म्हणजे एक आकडा लक्षात ठेवायची जागा, वापरा. यादीतल्या बटणाने त्यात १ टाकून त्या चॅप्टरवर उडी मारायची. ‘संपूर्ण मैफल’ बटणाने ० टाकायचं. प्रत्येक चॅप्टरच्या सेलला (व्हिडिओच्या तुकड्याला) त्याच्या शेवटी चालणारी आज्ञा द्यायची: रजिस्टरमध्ये १ असेल तर मेनूत परत, नाहीतर पुढे. डीव्हीडी ऑथरमध्ये हे एका ओळीचं काम आहे. चॅप्टरच्या जागी एन्कोड करतानाच कीफ्रेम (जिथून प्लेअर थेट सुरू करू शकतो अशी पूर्ण फ्रेम) पाडा. पालमध्ये दोन कीफ्रेममध्ये १५ फ्रेमपर्यंत अंतर असतं, म्हणून अर्ध्या सेकंदाहून जास्त आधीच्या टाळ्या नव्या रचनेत शिरतात.

२ तासांसाठी एका थराच्या डिस्कवर व्हिडिओ सरासरी ४.५ मेगाबिट ठेवा, आवाज १९२ किलोबिट. मेनूला त्यामानाने फारच कमी जागा लागते, त्याची चिंता नको.

काटोल-उमरेडकडच्या नातेवाइकांकडे जुना चौकोनी टीव्ही असेल तर रुंद मेनू वर-खाली काळ्या पट्ट्यांत आक्रसतो आणि खुणेचा ठिपका ओळीवरून घसरू शकतो. त्यासाठी लेटरबॉक्सचा दुसरा सबपिक्चर थर द्यावा लागतो (मग बटणं ३६ ऐवजी १८ पर्यंतच), किंवा मेनू सरळ ४:३ मध्ये, म्हणजे ७६८ × ५७६ वर काढा आणि मैफल १६:९ च राहू द्या. दोन्ही एका डिस्कवर चालतात. ४:३ मध्ये ठिपका १९ × २० ठेवा.

संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरवर चाललं म्हणून ६० प्रती काढू नका, तो चुका पोटात घालतो. पुन्हा लिहिता येणारी एक डिस्क घ्या, बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) चौकशी करा, आणि ती कुणाच्या तरी सर्वात स्वस्त, जुन्या प्लेअरवर रिमोटने चालवा; प्रत्येक बटणावर चारही कळा दाबून बघा. प्रती काढताना फाइल कॉपी न करता ‘डीव्हीडी व्हिडिओ’ पर्याय निवडा, डीव्हीडी वजा-आर (DVD-R) डिस्क घ्या, वेग ८ पटींच्या आत ठेवा आणि डिस्क फायनलाइज करा. कागदी स्टिकर चिकटवू नका, तोल जातो आणि उन्हाळ्यात डिंक सुटतो. वाटताना एवढं सांगा की मे महिन्यात डिस्क गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.