फॉल्टची भीती बाजूला ठेवा, आधी पार्किंगचे खांब बघा

ताई, नर्मदेचा फॉल्ट, म्हणजे जमिनीखालची भूकंपाची भेग, जवळ आहे, तेव्हा वडोदऱ्यात सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. घ्या, पण इमारत पारखून.

ही भेग ज्यात येते तो नर्मदा-सोन पट्टा अजून हलतो, यात शंका नाही. मार्च 1970 मध्ये भरूचला भूकंप झाला, 22 मे 1997 ला याच पट्ट्यात जबलपूरला 5.8 चा. 2002 च्या भूकंप-नकाशात वडोदरा झोन 3 मध्ये होतं, कच्छ 5 मध्ये; आकडा मोठा तसा धोका मोठा. पण 26 जानेवारी 2001 ला केंद्र कच्छात भचाऊजवळ होतं आणि तिथून दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या बऱ्याच इमारतींत तळाला नुसतं पार्किंग होतं. वर विटांच्या भिंतींनी मजले ताठ, खाली फक्त खांब. मग सगळं डोलणं त्या खांबांवरच येतं.

त्या सकाळी पावणेनऊला मी वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी चहा गाळत होतो. आधी फडताळातले पितळी डबे खणखणले, मग रिकाम्या झोपाळ्याच्या कड्या करकरू लागल्या. मी आईचा हात धरून जिन्याकडे धावलो. जिन्यात वरून पलस्तराचे पोपडे पडत होते, एक तिच्या खांद्यावर बसला. ती चूक माझी. हादरे थांबेपर्यंत जड टेबलाखाली बसायला हवं होतं.

फ्लॅट बघताना पार्किंगमध्ये उभ्या राहा. खांबांच्या मध्ये काँक्रीटच्या भिंती आहेत का, की सगळं मोकळं? बांधकाम चालू असेल तर खांबांत काँक्रीट भरण्याआधी साइटवर जाच. उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगांची टोकं 135 अंशांत आत वळवलेली हवीत. काटकोनात सोडलेली टोकं बाहेरचं काँक्रीट उडालं की उघडतात आणि सळ्या फाकतात. ठेकेदाराचा माणूस 'चालतं हो' म्हणेल, ते अजिबात ऐकू नका. तयार इमारत असेल तर स्ट्रक्चरल ड्रॉइंग, म्हणजे खांब-सळ्यांचे नकाशे, मागा आणि स्वतःचा इंजिनिअर घेऊन जा. त्याची फी फ्लॅटच्या किमतीपुढे काहीच नाही.

घेतल्यावर कुणी खालचा खांब तासू लागलं किंवा गच्चीवर जादा टाकी चढवू लागलं, तर सोसायटीत भांडा. कपाटं भिंतीला क्लॅम्पने बांधा. आणि तुमच्या आईंची खाट खिडकीपासून लांब, माळ्याखाली नको.