वेगळे ताट कोणाचे रक्षण करते?

प्रश्न : आमचे एकत्र कुटुंब डिचोली तालुक्यात राहते. माझ्या धाकट्या दिरांना एचआयव्हीची लागण झाल्याचे गेल्या वर्षी समजले. बांबोळीच्या सरकारी रुग्णालयातून मिळणाऱ्या गोळ्या ते नियमित घेतात आणि त्यांची प्रकृती उत्तम आहे. तरीही सासूबाईंनी त्यांचे ताट व पेला वेगळा केला आहे. दरवर्षी रानातून सामान आणून माटोळी (गणपतीच्या वर टांगायची रानफळा-फुलांची सजावट) बांधणाऱ्या माणसाला यंदा चवथीला तिला हातही लावू दिला नाही. दाढ काढण्यासाठी गेले असता त्यांनी आजार प्रामाणिकपणे सांगितला, तर एका खासगी दवाखान्याने त्यांना परत पाठवले. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. खरे सांगायचे तर भीती मलाही वाटते. आम्ही काय करावे?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, भीती तुम्ही मोकळेपणाने मान्य केलीत, म्हणून प्रथम मुलाविषयी लिहितो. एका ताटात जेवल्याने, उष्टे पाणी प्यायल्याने, मांडीवर बसल्याने किंवा डास चावल्याने हा विषाणू पसरत नाही. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त व सुया आणि बाधित आईकडून बाळाला होणारी लागण, एवढेच त्याचे मार्ग आहेत. घरात पाळायचे पथ्य म्हणजे दाढीचे पाते आणि दात घासायचा ब्रश ज्याचा त्याने वापरावा, जे एरवीही पाळायलाच हवे. उपचाराने रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न सापडण्याइतके कमी होऊन तसेच टिकले, तर शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. वेगळ्या ताटाने तुमच्या मुलाचे रक्षण होत नाही. काकाला शिवायचे नसते, एवढे मात्र तो त्यातून शिकतो.

ही चूक गोव्यात एकदा सरकारनेच केलेली आहे. नियमित रक्तदान करणाऱ्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाच्या रक्तात विषाणू आढळल्यावर १९८९ साली त्यांना म्हापशातील जुन्या क्षयरोग रुग्णालयाच्या इमारतीत ६४ दिवस कोंडून ठेवले गेले, आणि त्यांच्या आईला मुलासाठी उच्च न्यायालयात जावे लागले. तेव्हा परिणामकारक औषध नव्हते; आज ते सरकारी केंद्रांतून विनामूल्य मिळते, आणि तरीही घरच्या माणसाचे पान बाजूला मांडले जावे, याचे मला फार वाईट वाटते.

दवाखान्याचे वर्तन बेकायदेशीर आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्यानुसार या कारणासाठी उपचार नाकारता येत नाहीत, मग दवाखाना सरकारी असो वा खासगी. उपकरणे निर्जंतुक करणे आणि हातमोजे वापरणे हे प्रत्येक रुग्णासाठी आवश्यकच असते, कारण आपल्याला लागण झाली आहे हे अनेकांना ठाऊकही नसते. झाला प्रकार तारीख-वेळेसह लिहून ठेवावा. अशा तक्रारींसाठी या कायद्याने प्रत्येक राज्यात ओम्बड्समन, म्हणजे तक्रारींची चौकशी करून निर्णय देणारा अधिकारी, नेमण्याची तरतूद केली आहे. दाढ मात्र तक्रारीच्या निकालापर्यंत थांबवू नये. बांबोळीलाच गोवा दंत महाविद्यालय आहे.

राहत्या घरात भेदभावाविना वावरण्याचा हक्कही हाच कायदा देतो, परंतु सासूबाईंपुढे कायदा ठेवू नका. त्यांनाही भीतीच वाटते आहे. भावोजींची संमती असेल, तर पुढच्या वेळी गोळ्या आणायला जाताना सासूबाईंना सोबत न्या आणि तेथील समुपदेशकांशी बोलू द्या. १०९७ या मोफत क्रमांकावरही माहिती मिळते. नात्यागोत्यात कोणाला काय सांगायचे, हे भावोजींनीच ठरवावे. आज रात्री त्यांचे पान मुलाशेजारी तुम्ही स्वतः वाढा.