पुढच्या डिफरन्शियलचा आवाज : हाऊसिंग उघडण्यापूर्वी काय तपासावे

प्रश्न : माझ्याकडे मागे इंजिन असलेली आणि चारही चाकांना ताकद पोहोचवणारी जर्मन बनावटीची स्पोर्ट्‌स कार आहे. ती मी पुण्यातील एका गृहस्थांकडून वापरलेली विकत घेतली. काही महिन्यांपासून ताशी ६० ते ९० किलोमीटरच्या दरम्यान रेस दिली की पुढून, पायाखालून ‘हूंऽऽ’ असा एकसुरी आवाज येतो आणि पाय काढला की तो विरतो. अलीकडे पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू काढताना पुढचा भाग अडखळतो. मागचे दोन टायर झिजल्यामुळे मध्यंतरी नवे टाकले. पुढचे अजून चालतील, असे दुकानदार म्हणाले. येथील एका गॅरेजने पुढचे डिफरन्शियल (वळणावर डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) पूर्ण बदलावे लागेल, असे सांगून काही लाखांचा अंदाज दिला आहे. दुसऱ्या गॅरेजचे म्हणणे असे, की जाड ऑइल भरल्यास आवाज बंद होईल. कोणाचे ऐकावे? तसेच घरच्या लग्नासाठी याच गाडीने हैदराबादला जायचे आहे, ते योग्य ठरेल का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दोन्ही सल्ले आज स्वीकारण्यासारखे नाहीत. पहिला कदाचित शेवटी खरा ठरेल, परंतु तो कोणत्या तपासणीच्या आधारे दिला गेला, हे आपल्या पत्रात कुठेच दिसत नाही. दुसरा मात्र हानिकारकच आहे, कारण जाड ऑइलाने आवाज काही काळ दबतो आणि तेवढ्या काळात आतली झीज बिनबोभाट पुढे जात राहते. आपण ओघात टायरांचा जो उल्लेख केला आहे, तो मला संपूर्ण पत्रातील सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आपल्या प्रकारच्या गाडीत मागच्या गिअरबॉक्सकडून एक लांब शाफ्ट पुढे येतो आणि क्लच प्लेट्सच्या किंवा जुन्या मॉडेलांत व्हिस्कस कपलिंगच्या (घट्ट द्रवातून ताकद पोहोचवणाऱ्या जोडणीच्या) माध्यमातून गरजेपुरती ताकद पुढच्या चाकांना मिळते. पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या मापांचे असले, तरी त्यांच्या घेरांचे परस्परप्रमाण कंपनीने हिशेबात धरलेले असते. उदाहरणादाखल पुढे २३५/३५ आर १९ आणि मागे ३०५/३० आर १९ ही जोडी घेऊ. पुढच्या नव्या टायरचा व्यास सुमारे ६४७ मिलिमीटर भरतो, म्हणजे एका किलोमीटरला चाकाचे साधारण ४९२ फेरे होतात. त्याच टायरची नक्षी ८ मिलिमीटरवरून ३ मिलिमीटरवर आली, की व्यास १० मिलिमीटरने घटतो आणि फेरे ५०० च्या घरात जातात. मागचे टायर नवे आणि पुढचे झिजलेले असतील, तर दर किलोमीटरला हा सात-आठ फेऱ्यांचा फरक त्या क्लच प्लेट्सना घसरून भरून काढावा लागतो. त्यातून उष्णता निर्माण होते, ऑइल करपते आणि हळू वळणावर गाडी अडखळू लागते.

याचा आवाजाच्या निदानाशी थेट संबंध आहे, आणि तो अनेक अनुभवी मेकॅनिकांच्याही लक्षात येत नाही. क्राऊन-पिनियनच्या, म्हणजे डिफरन्शियलमधील मोठ्या गिअरच्या आणि त्याला फिरवणाऱ्या लहान गिअरच्या, प्रत्येक दात्याला दोन बाजू असतात. रेस दिली की एक बाजू भार घेते आणि पाय काढला की दुसरी. म्हणून रेसवर येणारा आवाज हा पहिल्या बाजूच्या झिजेचा आणि पाय काढल्यावरचा आवाज दुसऱ्या बाजूच्या झिजेचा किंवा पिनियनच्या सैल बेअरिंगचा, असा ठोकताळा आहे. मात्र झिजल्यामुळे लहान झालेली पुढची चाके शाफ्टपेक्षा वेगाने फिरू लागली, तर शाफ्ट त्यांना ओढण्याऐवजी मागे खेचतो आणि रेस दिलेली असतानाही दात्यांची उलट बाजू भाराखाली येऊ शकते. त्यामुळे टायर जुळल्याखेरीज रस्त्यावरच्या चाचणीचा कोणताही निष्कर्ष ग्राह्य धरू नये.

मोजमाप घरच्या घरी करता येते. चारही टायरांत गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे हवा भरून सपाट फरशीवर टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करावी, गाडी सरळ ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्यावा आणि दोन खुणांमधील अंतर टेपने मोजावे. डावे-उजवेही ताडून पाहावे, कारण त्यांच्यात फरक असल्यास डिफरन्शियलच्या आतील लहान गिअर सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतात. कंपनीने दिलेल्या मर्यादेबाहेर फरक आढळल्यास पुढचेही दोन्ही टायर मागच्याच कंपनीचे आणि त्याच नमुन्याचे घ्यावेत. हा खर्च आपणास सांगितलेल्या रकमेपुढे फारच थोडा आहे, शिवाय नवे डिफरन्शियल बसवले तरी तो करावाच लागला असता. अन्यथा नवे युनिटही त्याच वाटेने गेले असते.

त्यानंतर रस्त्यावरची चाचणी करावी. आपल्या भागात यासाठी चांगली सोय आहे. समृद्धी महामार्ग सिमेंट काँक्रीटचा आहे, आणि जवळपास डांबरी रस्तेही आहेत. एकाच वेगाने दोन्हींवर गाडी चालवावी. टायरचा आवाज पृष्ठभाग बदलताच बदलतो, डिफरन्शियलचा बदलत नाही. वाहतूक नसताना ताशी ६० किलोमीटरच्या आसपास गाडी डावी-उजवीकडे हलकेच झुलवावी. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो, म्हणून त्या वेळी घरघर वाढत असेल, तर संशय उजव्या चाकाच्या बेअरिंगवर घ्यावा. पूर्ण वळणावर टक-टक असा आवाज आल्यास तो बहुधा एक्सलच्या बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा (चाक वळलेले असतानाही ताकद पोहोचवणाऱ्या सांध्याचा) असतो. औट्रम घाटात चाळीसगावच्या बाजूला उतरताना खालच्या गिअरमध्ये पाय काढून गाडी सोडली, की दात्यांची दुसरी बाजू पुरेसा वेळ भाराखाली राहते. सपाट रस्त्यावर इतका वेळ मिळत नाही. चाचणीच्या वेळी आवाज टिपण्याचे काम शेजारी बसलेल्या व्यक्तीकडे द्यावे.

आवाज टिपण्यासाठी मोबाइलवर ध्वनीची वारंवारता दाखवणारे ॲप पुरते. ताशी ६० किलोमीटरला आपले पुढचे चाक सेकंदाला सुमारे ८ फेरे करते. समजा पिनियनला ९ आणि क्राऊनला ३१ दाते आहेत, तर सेकंदाला साधारण २५० दाते एकमेकांना भिडतात आणि २५० हर्ट्‌झच्या आसपासचा स्वर मिळतो. वेग वाढवल्यावर हा स्वर त्याच प्रमाणात चढला, तर तो दात्यांचा आहे असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. स्वराऐवजी खरखर ऐकू येत असेल आणि रेस देण्या-काढण्याने तिच्यात फरक पडत नसेल, तर लक्ष बेअरिंगकडे वळवावे. आपल्या गाडीतील दात्यांची संख्या दुरुस्ती-पुस्तिकेत मिळेल.

आता ऑइलाविषयी. गाडी थोडी चालवून ऑइल कोमट झाल्यावर ती लिफ्टवर आडवी समपातळीत घ्यावी आणि आधी भरण्याचा प्लग सोडवून पाहावा. तो अडकलेला असताना खालचा प्लग काढून ऑइल सांडले, तर गाडी तिथेच खोळंबते. वरच्या प्लगच्या काठापर्यंत ऑइल आहे का, हे बोटाने चाचपावे. कमी असल्यास पिनियनच्या आणि दोन्ही एक्सलच्या ऑइल सीलभोवती ओल शोधावी. नंतर खालच्या प्लगच्या चुंबकाकडे नीट पाहावे. त्यावर काजळासारखा मऊ करडा लेप असेल, तर ती नेहमीची झीज आहे. लेप बोटांत चोळल्यावर कण टोचत असतील किंवा चकचकीत पापुद्रे निघाले, तर बेअरिंगचा अथवा दात्यांचा पृष्ठभाग उखडू लागला आहे आणि हाऊसिंग (डिफरन्शियलचे बाहेरचे कवच) उघडल्यावाचून गत्यंतर नाही.

नवे ऑइल भरताना केवळ ‘९० नंबर’ एवढे सांगून आणलेला डबा चालणार नाही. हायपॉइड प्रकारच्या क्राऊन-पिनियनमध्ये दाते एकमेकांवरून घसरतात, म्हणून त्यांना जीएल-५ दर्जाची दाब सहन करणारी रसायने लागतात. क्लच प्लेट्सच्या भागाचे ऑइल अनेक मॉडेलांत निराळे असते आणि ते परस्परांत बदलून चालत नाही. दुसऱ्याच्या गाडीचा अनुभवही येथे आपल्याला लागू करू नये. सुबारू डब्ल्यूआरएक्सच्या मॅन्युअल गाडीत गिअरबॉक्स आणि पुढचे डिफरन्शियल एकाच ऑइलावर चालतात, आपल्या गाडीत तसे नाही.

एवढे झाल्यावरही तोच स्वर राहिला, तरच उघडण्याचा निर्णय घ्यावा. कंपन्या बहुधा संपूर्ण युनिटच विकतात, परंतु आतील बेअरिंगच्या कडेवर कोरलेला नंबर वाचता येतो आणि तो प्रमाणित मापाचा असल्यास बेअरिंगच्या चांगल्या दुकानात मिळतो. वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक परिसरात डायल गेजवर शतांश मिलिमीटर रोज वाचणारे कारागीर आहेत, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा आणि उपयोगही व्हायला हवा. मात्र काम देण्यापूर्वी त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात : पिनियनची खोली ते शिम (पातळ चकत्या) टाकून कशी ठरवतात, बेअरिंगचा पूर्वताण (बसवतानाच दिलेला दाब) कशाने मोजतात आणि दात्यांना रंग लावून संपर्काची खूण पाहतात का. क्राऊन आणि पिनियनमधील मोकळीक बहुतेक गाड्यांत ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा पुस्तिकेतून घ्यावा. हे दोन्ही भाग एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, म्हणून एक बदलून दुसरा जुना ठेवता येत नाही. फक्त पिनियनचे सील गळत असेल, तरी नट अंदाजाने आवळू देऊ नये. त्यामागील दबणारी स्लीव्ह अधिक दबली, की बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि साध्या गळतीतून आवाजाचे नवे दुखणे सुरू होते.

हैदराबादला या गाडीने जाऊ नये. ऑइल कमी असेल आणि पिनियनचे बेअरिंग वाटेत जाम झाले, तर पुढची चाके धावत्या गाडीत अचानक अडू शकतात. गाडी अन्यत्र न्यायची असल्यास चारही चाके वर राहतील अशा सपाट ट्रकवरूनच न्यावी.

प्रश्न : आमच्या फोर-बाय-फोर गाडीला पावसाळ्यात शेताकडे जाताना ओढ्याच्या पाण्यातून बऱ्याचदा जावे लागले. आता पुढच्या एक्सलमधून खरखर येते. थांबावे की चालवावे?
— एक वाचक, अंबाजोगाई, जि. बीड

उत्तर : थांबावे आणि आजच खालचा प्लग काढून पाहावा. चालून तापलेले हाऊसिंग गार पाण्यात शिरले, की आतील हवा आकुंचन पावते आणि ब्रीदरमधून (हाऊसिंगला हवा घेऊ-सोडू देणाऱ्या छिद्रातून) किंवा जुन्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. ऑइल दुधाळ दिसल्यास ते पूर्ण काढून नवे भरावे, थोडे अंतर गाडी चालवून तेही काढावे आणि मग कायमचे ऑइल भरावे. त्यानंतरही खरखर राहिली, तर बेअरिंग गंजले आहे असे समजून ते बदलून घ्यावे; उशीर झाल्यास क्राऊन-पिनियनही जाईल. पुढील पावसाळ्यापूर्वी ब्रीदरची नळी लांबवून बॉनेटखाली उंचावर बांधून घ्यावी. आपली गाडी फोर-एच गिअर हाताने टाकण्याच्या प्रकारची असल्यास कोरड्या डांबरी रस्त्यावर तो गिअर ठेवू नये, कारण त्या रचनेत मधले डिफरन्शियल नसते आणि वळणावर पुढच्या-मागच्या चाकांतील फरकाचा ताण या क्राऊन-पिनियनवरही येतो.