‘ती तिथे गेलीच कशाला?’

नाशिकच्या वाचकांच्या या वेळच्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत, अत्याचार झालेल्या स्त्रीविषयीचा हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात आला आहे. काहींनी तो दुसऱ्याच्या तोंडी घातला आहे, तर एका वाचकाने स्वतःच तो विचारल्याची प्रांजळ कबुली दिली आहे. त्यांच्यापासूनच सुरुवात करते.

प्रश्न : माझ्या बहिणीवर ओळखीच्या मुलाने अत्याचार केला. तिने चौथ्या दिवशी घरी सांगितले. ‘त्याच्याबरोबर गंगापूर धरणावर गेलीसच कशाला?’ असे मी रागात बोलून गेलो आणि तेव्हापासून ती गप्प आहे. तक्रारीला उशीर झाला आहे का? ती स्वतःहून त्याच्या गाडीवर बसली होती, हे पोलिसांना सांगू नये, असे काकांचे मत आहे. — एक भाऊ, सातपूर

उत्तर : आधी काकांचा सल्ला बाजूला ठेवा, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत घातक गोष्ट तीच आहे. गाडीवर बसायला दिलेली संमती ही शरीरसंबंधाची संमती नव्हे, त्यामुळे त्यात लपवण्यासारखे काहीच नाही. मात्र तीच गोष्ट पहिल्या जबाबातून गाळली आणि पुढे वाटेवरच्या सीसीटीव्हीतून किंवा मोबाइलच्या नोंदींतून बाहेर आली, तर बचाव पक्षाचा वकील तेवढा एक धागा धरून उलटतपासणीत तिचा सगळा जबाब उसवू पाहतो. जबाबातून अशी गोष्ट गाळण्याला कोर्टात आम्ही ‘ओमिशन’ म्हणतो. वकिलीतला माझा अनुभव असा, की अशा ओमिशनमागे मुलीचा खोटेपणा क्वचितच असतो. घरात पहिल्याच दिवशी जी उलटतपासणी होते, तिच्या धाकाने मुलगी पुढे पोलिसांसमोरही अर्धेच बोलते. पीडितेला दोष देणे निर्दयपणाचे आहेच, पण त्याने आरोपीचे कामही सोपे होते, हे कुटुंबाच्या लक्षात येत नाही.

चार दिवस उलटल्याने तक्रार बाद होत नाही. पंजाब राज्य विरुद्ध गुरमीत सिंग या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की अशा गुन्ह्यांत अब्रूच्या भीतीने घरचे कचरतात आणि त्यामुळे झालेला उशीर समजून घेतला पाहिजे. धरणाचा परिसर दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत येत असला, तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तुमच्या जवळच्या ठाण्याला गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो आणि तिची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. त्या दिवशीचे कपडे धुतले नसतील, तर ते कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरून पुरावा खराब होतो. रुग्णालय सरकारी असो वा खासगी, तातडीचे उपचार मोफत देणे त्याला बंधनकारक आहे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधांची ७२ तासांची मुदत टळली असली, तरी बाकीच्या तपासण्यांसाठी तिला सिव्हिल हॉस्पिटलमध्ये न्यावे. अत्याचारपीडितांसाठीच्या राज्य सरकारच्या ‘मनोधैर्य’ योजनेखालील अर्थसाहाय्य आणि मोफत वकील यांसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रीला मोफत विधी साहाय्य देताना उत्पन्नाची अट नसते.

बहीण सज्ञान असेल, तर तक्रार करायची की नाही हा निर्णय तिचा आहे. अठरा वर्षांखालील असेल, तर पोक्सो या बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने पोलिसांना कळवणे सक्तीचे आहे. आणि हे सगळे करण्याआधी तिची माफी मागा. तुमच्या त्या एका वाक्याने मिटलेले तोंड तुम्हीच उघडू शकता.

प्रश्न : मुलगी मुंबई नाक्याजवळच्या कॉल सेंटरमध्ये काम करते आणि रात्री साडेअकराला घरी येते. शहरात एका महिलेवर हल्ला झाल्यापासून सगळे नातेवाईक नोकरी सोडायला सांगत आहेत. काळजी करणे म्हणजेही दोष देणे आहे का? — एक आई, इंदिरानगर

उत्तर : नाही. काळजी उद्याची असते आणि दोष कालचा असतो, एवढी खूण पुरेशी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या आकडेवारीनुसार बलात्काराच्या ३१,६७७ गुन्ह्यांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचाच होता. त्यामुळे फक्त रात्रीच्या रस्त्याला भिऊन नोकरी सोडणे हा उपाय अपुराच ठरतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना त्यांच्या संमतीनेच कामावर ठेवता येते आणि त्यांना घराच्या दारापर्यंत सोडण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. मुलीची गाडी कोपऱ्यावर सोडून निघून जात असेल, तर कंपनीला लेखी कळवा. गल्लीतला दिवा बंद असेल, तर महापालिकेकडे तक्रार करा. ११२ हा क्रमांक तिच्याकडे असेलच, पण घरचा क्रमांक तिने तितक्याच निर्धास्तपणे लावला पाहिजे. ज्या घरात उशिराच्या फोनवर आधी बोलणी बसतात, त्या घरातली मुलगी अडचणीत सापडली तरी फोन करत नाही.

प्रश्न : खरोखर जबरदस्ती झाली असेल, तर स्त्री ओरडणार नाही का? — निवृत्त शिक्षक, पंचवटी

उत्तर : कित्येकदा ओरडत नाही, कारण तिला ओरडता येत नाही. तीव्र भीतीत शरीर थिजते, आवाज फुटत नाही, हातपाय हलत नाहीत. स्टॉकहोममधील एका विशेष उपचार केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांच्या २०१७ मधील अभ्यासात सुमारे ७० टक्के स्त्रियांनी असे थिजल्याचे सांगितले होते. आपला कायदाही आता हे मानतो : केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून स्त्रीची संमती होती असे धरता येत नाही, असे भारतीय न्याय संहितेचे कलम ६३ सांगते.

गुरुजी, हे कलम सहजासहजी आलेले नाही. १९७२ मध्ये विदर्भातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. (तिचे नाव सर्वत्र छापले गेले आहे, मी ते मुद्दाम लिहीत नाही.) अंगावर जखमा नाहीत आणि आरडाओरड झाली नाही, अशा कारणांवरून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपींना निर्दोष सोडले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तुमचा प्रश्न तेव्हा न्यायपीठावरून विचारला गेला होता.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका पीडित मुलीचा फोटो फिरतो आहे. ‘सावध राहावे’ म्हणून तो पाठवल्याचे सांगतात. — गंगापूर रोड

उत्तर : तो ताबडतोब काढायला लावा. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे आणि ‘ग्रुप खासगी होता’ हा बचाव मी कुणालाही सुचवणार नाही. सावधच करायचे असेल, तर मुलीच्या चेहऱ्याने कोण सावध होणार?

प्रश्न : पर्समध्ये मिरीचा स्प्रे ठेवावा का? — विद्यार्थिनी, कॉलेज रोड

उत्तर : ठेवा. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिला आहे. बलात्काराच्या किंवा ॲसिड फेकण्याच्या हेतूने हल्ला झाला, तर न्याय संहितेच्या कलम ३८ प्रमाणे तो हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंतही पोचतो. मात्र स्प्रे वेळेवर हाताशी आला नाही, तर ती तुमची चूक ठरत नाही. डब्यावरची मुदत तपासा आणि मोकळ्या मैदानात, वाऱ्याकडे पाठ करून, एकदा फवारून पाहा.