‘थोर’ कादंबरी मला कंटाळवाणी वाटते, माझंच चुकतंय का?

निकालाच्या भीतीइतकाच हा प्रश्नही समुपदेशनात वारंवार येतो, फक्त मुलं तो जरा लाजत विचारतात. सोलापूरच्या पूर्व भागातली, बी.ए.च्या पहिल्या वर्षाची एक मुलगी तो घेऊन आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) घरात तेलुगू, शिक्षण मराठीतून. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचून ‘वाचताना झालेला पहिला परिणाम’ असं दोन पानी टिपण तिला द्यायचं होतं. तीन आठवड्यांत ती 38 पानांवर अडकली होती. “मॅडम, ह्यात काही घडतच नाही. सगळे म्हणतात थोर पुस्तक आहे. मला मराठी येत नाही काय?”

झोप, डोळे, अभ्यासाचा एकूण ताण यांची चौकशी आधी झाली. तिथे काही सापडलं नाही. शेजारच्या यंत्रमागांची खडखड तर तिला जन्मापासून सवयीची. मग पुस्तक उघडून दोन पानं मोठ्यानं वाचायला सांगितली आणि घड्याळ लावलं. निवेदनाचं पान दोन मिनिटांत झालं. संवादांनी भरलेल्या पानाला साडेचार मिनिटं लागली. पुस्तक मिटून काय वाचलंस विचारलं, तर पायी गावाकडे निघालेला तरुण मास्तर, वाट, उजाड माळ, सगळं तिनं बिनचूक सांगितलं. म्हणजे आकलन ठीक होतं. अडखळणं होतं ते धनगरांच्या बोलण्यापाशी.

ही कादंबरी 1955 सालची. तिचा मुलूख माणदेश, म्हणजे आपल्या सांगोल्याला लागूनचाच. निवेदन प्रमाण मराठीत आणि माणसं बोलतात ती गावच्या बोलीत. ‘कवा’, ‘हितं’, ‘न्हाई’ अशी रूपं डोळ्यांनी वाचली की परकी वाटतात, कारण शाळेच्या पुस्तकात ती कधी छापलेली दिसत नाहीत. मंडईत पालेभाजी विकणाऱ्या मावशी याच बोलीत भाव सांगतात आणि ही मुलगी त्यांच्याशी बिनदिक्कत घासाघीस करते. संवाद पुटपुटत वाच, एवढंच सांगितलं. दुसऱ्या भेटीत तसल्याच पानाला पावणेतीन मिनिटं लागली.

खरी खोट मात्र आणखी एका ठिकाणी होती. कादंबरी उघडण्याआधी तिनं गाईड वाचलं होतं. ‘ओघवती शैली’, ‘प्रादेशिकतेचं दर्शन’ हे शब्द डोक्यात बसले आणि पानापानावर ती तेच शोधत राहिली. ते दिसेना, म्हणून स्वतःला दोष. वास्तविक ‘काही घडत नाही’ हे तिचं निरीक्षण चुकीचं नव्हतंच. या कादंबरीत एकच मोठं कथानक नाही. मेंढरांमागं जाणारी पोरं शाळेत कशी आणायची, गावानं मिळून तालीम कशी बांधायची, पुढं दुष्काळ, अशा लहान-मोठ्या प्रसंगांतून एक वाडी उभी राहते. त्यात खलनायक आणि कळस शोधणारा वाचक कंटाळणारच. गाईडं लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट पहिल्या ओळीत सांगितली तर निम्मी मुलं आमच्याकडे येणारच नाहीत, पण ते असो.

दहा दिवसांची आखणी केली. गाईड आईच्या पेटीत. एका बैठकीत चाळीस मिनिटं किंवा पंधरा पानं, जे आधी होईल ते. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्याची खूणपट्टी करायची आणि तिच्यावर माणसांची नावं, प्रत्येकापुढं एकच नातं किंवा काम. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीचा बारीक ठिपका द्यायचा, तिथं कोश उघडायचा नाही. दर शब्दाला थांबलं की वाक्याचा आरंभ विसरतो, मग तेच वाक्य पुन्हा, आणि अर्ध्या तासात चार पानं होतात. तिचं नेमकं हेच होत होतं. बैठक संपल्यावर ठिपके बघायचे, तीनदा भेटलेला किंवा ज्याच्यावाचून प्रसंगच अडतो तेवढाच शब्द विचारायचा. पहिल्या पन्नास पानांत 31 ठिपके होते, विचारावे लागले सहा.

त्या सहांबरोबर शेतीची एक रीतही समजावून द्यावी लागली. ज्याच्याकडे एकच बैल आहे तो दुसऱ्या एकबैली शेतकऱ्याशी जोडी जमवून पाळीपाळीनं औत चालवतो, त्याला पैरा म्हणतात. हे माहीत नसेल, तर बैलाची जोडी न जमलेल्या गरिबाची बायको स्वतः जू खांद्यावर घेते, तो प्रसंग नुसता विचित्र वाटतो. तिनं तो आधी वाचून ओलांडलाच होता. रीत कळल्यावर परत वाचला आणि वहीत लिहिलं: “ती काही बोलत नाही. उभी राहते फक्त.”

तिसऱ्या दिवशी गाडी घसरली. प्रत्येक प्रकरणाचा सारांश ती दोन-दोन पानं लिहू लागली, दहावीच्या उत्तरांची सवय. वाचन थांबलं आणि वही फुगली. मग नियम घातला: पुस्तक मिटून चार ओळी, पान क्रमांकासकट. ‘आवडलं’, ‘छान’ हे शब्द वर्ज्य. कुठं थांबलीस, काय डोळ्यांपुढं आलं, कशाचा राग आला, एवढंच. अमोल पालेकरांचा 1995 चा चित्रपट मोबाइलवर बघू का, असंही विचारून झालं. बघ, पण शेवटचं पान संपल्यावर. आधी बघितलास तर वाडीच्या म्होरक्याला, कारभाऱ्याला, तुझा चेहरा मिळणार नाही, नटाचा मिळेल.

पुस्तक अकराव्या दिवशी संपलं. टिपणाचा पहिला मसुदा तिनं आणला तो मात्र पुन्हा गाईडच्या थाटात होता, ‘लेखकाने ग्रामजीवनाचे वास्तव चित्रण केले आहे’ वगैरे. वही शेजारी ठेवायला लावली. वहीत ‘पहिली 40 पानं कंटाळा आला’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं, ते मसुद्यातून गाळलेलं. “हे लिहिलं तर मार्क कापतील.” नुसतं ‘कंटाळा आला’ लिहिलंस तर कापतील. कुठल्या पानापर्यंत आला, का आला आणि कुठं गेला हे लिहिलंस, तर पहिला परिणाम म्हणतात तो हाच.

तिनं सगळं नव्यानं लिहिलं. कारभाऱ्याच्या मुलीला, अंजीला, मास्तरानं चोळीचं कापड आणून दिलं आणि त्यावरून कारभारी बिथरला, त्या भागावर वहीत एक तिरकी ओळ होती. ती खोडायची की ठेवायची, यावर बराच वेळ गेला. शेवटी ठेवली: “गोष्ट मास्तर सांगतो, म्हणून अंजीला काय वाटलं ते त्याला कळलं नाही. मलाही नाही.”