भुसावळच्या डांबरावरून बर्फावर

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा, चाकांच्या स्केटिंगमध्ये जिल्ह्यात पहिला येतो. आता हिवाळी ऑलिम्पिकचं स्पीड स्केटिंग डोक्यात बसलंय. तिथे निवड कशी होते?
– एक आई, भुसावळ

उत्तर : ताई, जिल्ह्याचा नंबर तिथे कामाचा नाही. ऑलिम्पिकआधीच्या विश्वचषक शर्यतींतून, 400 मीटरच्या बर्फाच्या ट्रॅकवर, दोन याद्या बनतात : एक गुणांची, दुसरी वेळेची. त्यांवरून जागा ठरतात. पण जागा मिळते देशाला, खेळाडूला नाही. 500 मीटरला एका देशाचे जास्तीत जास्त तीन. 10000 मीटरला तर 2022 मध्ये जगभरातून बाराच जण होते.

यातली गंमत एरिन जॅक्सनकडे बघून कळते. ही अमेरिकन मुलगी मूळची तुमच्या पोरासारखीच चाकांवरची. 2022 च्या आधी ती 500 मीटरमध्ये जगात पहिली होती. पण देशातल्या निवड चाचणीत पाय अडखळला आणि ती तिसरी आली. तेव्हा या शर्यतीत अमेरिकेला जागा दोनच मिळाल्या होत्या. चाचणीत पहिली आलेली मैत्रीण ब्रिटनी बो हिने आपली जागा तिला दिली. एरिनने बीजिंगमध्ये सुवर्ण जिंकलं! (पुढे अमेरिकेला तिसरी जागा मिळाली आणि ब्रिटनीही धावली.)

म्हणून चाकं सोडवू नका. मी जळगावात पोरांना पहाटे साडेपाचलाच रस्त्यावर उतरवतो. मे महिन्यात नऊनंतर डांबर चाकांना चिकटतं. मुलाला आधी वाकून, गुडघे मोडून वळण घ्यायला शिकवा. बर्फावरही तेच लागतं.