राईडचा शेजारधर्म

प्रिय बाळा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझा लेख दोनदा वाचला. एकदा सलग आणि एकदा पेन्सिल हातात घेऊन. डिस्नेच्या पार्कांमधल्या स्प्लॅश माउंटनचं, म्हणजे कृत्रिम डोंगरातल्या होडीच्या राईडचं, ‘टियानाज बायू ॲडव्हेंचर’ केलं ते चुकलं, कारण नवी राईड तिथल्या परिसराला शोभत नाही, हे तू फार तळमळीने मांडलं आहेस. तळमळ मला आवडली. पण पाच पानांत ‘तिथला परिसर’ म्हणजे नेमका कुठला, हे एकदाही आलेलं नाही. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडचा, की फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडमचा? डोंगर दोन्हीकडे आहे, नवी गोष्ट दोन्हीकडे एकच आहे, आणि तरी ‘शोभते का?’ या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते दोन्हीकडे वेगळं येतं. मुलगी तिकडे असल्यामुळे मला दोन्ही पार्क निवांत पाहायला मिळाले. तुझा लेख नेमका या जागी सैल पडतो, म्हणून हे पत्र.

आधी गुंता सोडवू. लहानपणी ज्या राईडमध्ये बसलो ती गेली, याचं दुःख तुझ्या लेखात आहे. ते खरं आहे, त्याची लाज बाळगू नकोस. पण ते पहिल्या परिच्छेदात मोकळेपणाने सांग आणि बाजूला ठेव, नाहीतर ते प्रत्येक वाक्याच्या आडून बोलत राहतं. दुसरा प्रश्न, जुनी गोष्ट काढायला हवी होती का. ती राईड १९४६च्या ‘साँग ऑफ द साउथ’ या चित्रपटातल्या प्राण्यांच्या गोष्टींवर बेतलेली होती. गुलामगिरी संपल्यानंतरचं जॉर्जियातलं मळ्यावरचं आयुष्य त्या चित्रपटाने गोड करून दाखवलं. त्यावर तो प्रदर्शित झाला तेव्हाच टीका झाली, आणि अमेरिकेत तो व्हिडिओवर कधी आणलाच गेला नाही. जून २०२०मध्ये बदलाची घोषणा झाली, तेव्हा मला ती योग्य वाटली, आजही वाटते. पण जुना भाडेकरू जायला हवा होता हे पटलं, म्हणून नवा भाडेकरू त्या वाड्याला साजेसा आहे हे आपोआप सिद्ध होत नाही. आणि नवा साजेसा नसेल, म्हणून जुना ठेवायला हवा होता असंही नाही. तू या दोन वाक्यांमध्ये सारखी ये-जा केली आहेस. वाद घालणारे बहुतेक जण तेच करतात, आणि म्हणून तो वाद पुढे सरकत नाही.

आता परिसराकडे ये. डोळे मिटून माझ्याबरोबर डिस्नेलँडमध्ये चाल.

न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर तिथे १९६६पासून आहे. लोखंडी नक्षीचे कठडे, अरुंद गल्ल्या, वरच्या मजल्यांवर कुंड्या. पुढच्याच वर्षी आलेली ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ तिथेच आहे, आणि तिची होडी सुटते तीच मुळी बायूमधून. बायू म्हणजे लुइझियानातली संथ, दलदलीची पाणवाट. अंधारलेलं पाणी, काजवे, ओसरीवर खुर्चीत झुलणारा म्हातारा, बँजोचे तुरळक सूर. चाचे, तोफा, आग हे सगळं नंतर. त्या राईडमधली मला सर्वांत प्रिय अशी ती पहिली दोन मिनिटं आहेत, कारण तिथे काहीही घडत नाही आणि तरी आपण गाव सोडून निघालो आहोत हे अंगाला कळतं. बाहेर आलं की हाँटेड मॅन्शन, १९६९ची भुताच्या वाड्याची राईड. तिथून थोडं पुढे गेलं की डोंगर.

म्हणजे बघ, टियाना ही ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ या डिस्ने चित्रपटाची नायिका, १९२०च्या दशकातल्या न्यू ऑर्लिन्सची मुलगी. ती तिथे परक्या गावात आलेली नाही. शहर संपलं की दलदल सुरू व्हावी, तसं तिथे होतं. २०२३मध्ये तिच्या नावाचं उपाहारगृह स्क्वेअरमध्ये उघडलं, नोव्हेंबर २०२४मध्ये राईड उघडली, आणि त्या कोपऱ्याचं नाव ‘क्रिटर कंट्री’ऐवजी ‘बायू कंट्री’ झालं. नाव बदलल्याचा तुला राग आहे. पण ‘क्रिटर कंट्री’ हे नाव तरी मूळचं कुठे होतं? १९७२मध्ये तो भाग ‘बेअर कंट्री’ म्हणून उघडला. १९८८मध्ये, स्प्लॅश माउंटन यायच्या आदल्या वर्षी, त्याचं नामकरण झालं. इतकंच नाही, १९८९च्या त्या राईडमधले पुष्कळसे यांत्रिक प्राणी पार्कातल्याच ‘अमेरिका सिंग्ज’ या बंद पडलेल्या कार्यक्रमातून उचलून आणलेले होते. ज्याला तू मूळ म्हणतेस, तेसुद्धा जुन्या सामानावर उभं केलेलं नवं नेपथ्य होतं. लेखात हे यायलाच हवं, नाहीतर जाणकार वाचक पहिल्याच पानावर तुझा हात सोडेल.

तिथे खरी खटकणारी गोष्ट वेगळीच आहे आणि ती तुझ्या नजरेतून निसटली. डोंगराच्या मागे २००३पासून ‘विनी द पू’ची राईड आहे. इंग्लंडच्या रानातलं ते अस्वल आता लुइझियानाच्या दलदलीत राहतं. नवा पाहुणा शोभतो, पण त्याच्यामुळे जुना शेजारी परका झाला. क्रिटर कंट्रीत, म्हणजे नुसत्या ‘प्राण्यांच्या मुलखात’, पू सहज खपून जात होता. मुलखाला भूगोल मिळाला आणि त्याची जागा गेली. थीम जितकी नेमकी, तितकी ती शेजाऱ्यांकडून जास्त मागते. हे वाक्य मला स्वतःला समजायला बरीच वर्षं लागली.

आता फ्लोरिडात चल. मॅजिक किंगडमचा तो भाग म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे केलेला अमेरिकेचा प्रवास आहे. लिबर्टी स्क्वेअरमध्ये वसाहतीच्या काळातली विटांची घरं. तिथून फ्रंटियरलँडमध्ये, म्हणजे सरहद्दीच्या मुलखात, शिरलं की लाकडी फळ्यांची दुकानं. आणि शेवटी तांबड्या खडकांचा बिग थंडर माउंटन, नैर्ऋत्येकडचं वाळवंट. चालता चालता वर्षंही पुढे सरकतात आणि मैलही. या ओळीच्या शेवटी, बिग थंडरच्या कुशीत, जून २०२४मध्ये जॅझच्या जमान्यातली दलदल आली. हिरवीगार, ओलसर, मार्दी ग्राच्या, म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या कार्निव्हलच्या, तयारीत गुंतलेली. तिथे उभं राहिलं की डाव्या डोळ्याला एक देश दिसतो आणि उजव्याला दुसरा.

तू म्हणशील, जॉर्जियाचा ससा, जुन्या राईडचा नायक, तरी तिथे कुठे शोभत होता? बरोबर आहे, तोही दक्षिणेचाच. पण त्याला आणताना फ्लोरिडातल्या मंडळींनी शेजारधर्म पाळला होता. तिथल्या राईडचं संगीत कॅलिफोर्नियाहून वेगळं होतं. बँजो आणि माउथ ऑर्गनचा रंग त्यात जास्त होता, म्हणजे फ्रंटियरलँडमधून चालत येणाऱ्या माणसाच्या कानाला धक्का बसत नसे. परिसर डोळ्यांच्या आधी कानांना कळतो, हे लक्षात ठेव.

नव्या राईडच्या बाजूने एक चांगला युक्तिवाद होता आणि तो तू मांडायला हवा होतास, खोडण्यासाठी का होईना. एके काळी मिसिसिपी हीच सरहद्द होती, आणि समोर ‘रिव्हर्स ऑफ अमेरिका’मध्ये वाफेची बोट फिरत होती. त्या पाण्याच्या नात्याने न्यू ऑर्लिन्स आणि सरहद्द यांची सोयरीक जुळवता येत होती. पण जुलै २०२५मध्ये ती नदी आणि बोट दोन्ही कायमची बंद झाली; तिथे ‘कार्स’ चित्रपटातल्या मोटारींचा डोंगराळ मुलूख येतो आहे. राईड उघडून जेमतेम वर्ष झालं आणि तिचा सगळ्यात भरवशाचा साक्षीदार गेला. म्हणून माझं मत असं, की फ्लोरिडात ती शोभत नाही. दोष टियानाचा नाही, तिच्या गोष्टीचाही नाही. जागा देणाऱ्यांनी आजूबाजूला पाहिलं नाही.

आता डोंगराबद्दल. ‘दलदलीत डोंगर कुठून आला?’ असं तू विचारलंस आणि तिथेच थांबलीस. लुइझियाना खरंच सपाट आहे. त्या राज्यातला सर्वांत उंच डोंगर ५३५ फुटांचा. पण त्या प्रदेशात मिठाचे घुमट असतात, जमिनीखालचं मीठ वर ढकललं जाऊन तयार झालेले उंचवटे. एव्हरी आयलंड हा त्यातला एक, भोवतालच्या दलदलीहून दीडशे फुटांपेक्षा उंच. राईड रचणाऱ्यांनी हाच धागा धरला: टियानाने एक जुना मिठाचा घुमट घेतला आणि तिथे कर्मचाऱ्यांच्याच मालकीची सहकारी खाद्यसंस्था काढली. सहकाराचं नाव ऐकून आपल्याकडच्या माणसाचे कान टवकारतात, माझेही टवकारले. पुष्कळांना हे ओढूनताणून आणलेलं वाटलं. मला मात्र त्यात कारागिराची धडपड दिसते, आणि का ते सांगतो.

फार वर्षांपूर्वी मी एका नाटकासाठी वाड्याचं माजघर उभं केलं होतं. नाटक लवकर उतरलं. निर्मात्याने तेच फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतींच्या चौकटी, रंगवून गिरणगावातल्या चाळीच्या नाटकाला वापरायला सांगितले. रंग बदलला, दार बदललं, भिंतीवर कॅलेंडर आलं. पण तुळईला झोपाळ्याच्या कड्या होत्या आणि तुळई काढली तर सेट उभा राहत नव्हता. मी कड्या काळ्या रंगवल्या आणि विसरलो. पहिल्या प्रयोगानंतर समोरच्या रांगेतल्या एक आजी आत येऊन विचारत्या झाल्या, ‘या घराला पूर्वी बरे दिवस होते का हो?’ नाटकात तसं काहीच नव्हतं. लाकूड बोललं होतं. दुसऱ्या प्रयोगाला आम्ही त्या कड्यांना लुगड्याचा पाळणा टांगला, लेखकाने धाकट्या सुनेला एक वाक्य दिलं, आणि त्या खोलीत मूल आलं. कडी काढता येत नव्हती, म्हणून तिला कारण दिलं. टियानाचा मिठाचा घुमट म्हणजे तो पाळणा आहे. माझी तक्रार एवढीच, की रांगेत उभं राहून पाट्या वाचल्याशिवाय तो पाळणा दिसत नाही. होडीत बसल्यावर गोष्ट वादक प्राण्यांच्या शोधात निघून जाते आणि मीठ, सहकार, डोंगर सगळं मागे राहतं. आजींना वाक्य ऐकू गेलं पाहिजे.

हेच पडणाऱ्या लिफ्टच्या राईडबाबत बघ. डिस्नेलँडशेजारच्या कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर पार्कमधला टॉवर ऑफ टेरर २०१७च्या आरंभी बंद केला, आणि मे महिन्यात त्याच १८३ फुटांच्या इमारतीवर नळ्या आणि पत्रे चढवून ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ उघडली. जुन्या हॉलिवूडच्या रस्त्याच्या टोकाला एक परग्रहावरचा किल्ला! भोवती मार्व्हलच्याच ॲव्हेंजर्सचा परिसर आला तो जून २०२१मध्ये. चार वर्षं ती इमारत शेजाऱ्यांशिवाय उभी होती. आज ती शोभते असं म्हणता येईल, पण ज्यांनी ती चार वर्षं पाहिली त्यांचं म्हणणं आजच्या फोटोने खोडता येत नाही. उलट टोकियो डिस्नेसीमध्ये २००६ साली तशीच राईड बांधताना त्यांनी मूळ राईडमागची अमेरिकी दूरदर्शन मालिकेची गोष्ट घेतलीच नाही. भोवताली १९१२चं न्यूयॉर्क होतं, म्हणून एका धनाढ्य, लोभी संग्राहकाचं विटांचं हॉटेल रचलं आणि १८९९च्या शेवटच्या रात्री त्याला लिफ्टमधून नाहीसं केलं. शेजार पाहून गोष्ट निवडली. माझ्या लेखी या धंद्यातलं ते सर्वांत सुरेख काम आहे.

फ्लोरिडातल्या मूळ टॉवरचंही एक सांगतो. १९९४मध्ये बांधलेली ती १९९ फुटांची इमारत शेजारच्या, देशोदेशींची दालनं असलेल्या एपकॉट पार्कातून, मोरोक्कोच्या दालनामागे दिसते. म्हणून तिचे वरचे कळस आणि रंग असे ठेवले, की लांबून ती मोरोक्कोचाच भाग वाटावी. जो तिकडे कधी येणारही नाही, त्याच्या नजरेची काळजी! ‘शोभणं’ या शब्दात माझ्या मनात हे एवढं सगळं आहे.

एपकॉटच्या नॉर्वे दालनाचा मुद्दा तू एका ओळीत उरकलास, तो वाढव. १९८८ची मेलस्ट्रॉम ही होडीची राईड बंद करून त्याच पाण्यात २०१६ साली ‘फ्रोझन’ आणली. बाहेर गोल गावच्या जुन्या लाकडी चर्चची प्रतिकृती, आत ‘फ्रोझन’मधलं, अस्तित्वातच नसलेलं एरन्डेल राज्य. इतर ठिकाणी परिसर म्हणजे एखादी कल्पना असते. इथे तो एक जिवंत देश आहे आणि दारावर त्याचं नाव आहे. मुलं खूश आहेत, रांगा लांब आहेत, तरी मला ते टोचतं.

पुढचा खर्डा पाठवण्याआधी एक काम कर. दोन्ही पार्कांचे नकाशे समोर घे, डोंगरावर बोट ठेव आणि तिथून काय काय दिसतं, काय ऐकू येतं, ते चारही दिशांनी काढ. मग उलट कर: बिग थंडरच्या रांगेतून, हाँटेड मॅन्शनच्या फाटकातून, पूच्या दारातून डोंगर कसा दिसतो ते काढ. शब्द नंतर लिही. आधी ती सगळी रेखाटनं मला पाठव. पूच्या दारातलं सर्वांत आधी.

तुझा,
काका